भोंग्यानंतरचा डोंगर

उत्तर इटलीतील औद्योगिक शहरे आणि आल्प्स पर्वत यांच्यातले अंतर फार थोडे आहे. पो नदीचे सपाट खोरे संपते तिथेच डोंगर उभा राहतो. मधे टेकड्यांची एक अरुंद पट्टी तेवढी. हवा स्वच्छ असली की तुरीनमधून ३,८४१ मीटर उंच मोनविसोचा त्रिकोण दिसतो. मिलानमधल्या उंच गच्च्यांवरून हिवाळ्यात मोंते रोझाची बर्फाळ भिंत आणि ग्रिन्याच्या चुनखडीच्या धारा ओळखता येतात. कारखानेही डोंगराच्या पायथ्यालाच वाढले, कारण कोळसा देशात जवळजवळ नव्हता आणि चाके फिरवायला वरून उतरणारे पाणी होते. बिएल्लाच्या लोकर गिरण्या, बेर्गामोजवळच्या सेरिओ खोऱ्यातल्या सूत गिरण्या, लेक्कोचे लोखंडी तारांचे कारखाने, कोमो सरोवराच्या परिसरातली रेशीम सोडवण्याची केंद्रे हे सगळे ओढ्यानाल्यांच्या काठी उभे राहिले. कामगाराच्या डोळ्यांसमोर डोंगर रोज होता. तिथे जायला मोकळा दिवस नव्हता. म्हणून या भागातल्या गिरिभ्रमणाचा इतिहास सांगायचा तर शिखरे आणि वीरांच्या यादीपेक्षा कामाचे तास, रविवारची सुटी आणि आगगाडीचे भाडे यांकडे आधी पाहावे लागते.

हौस म्हणून डोंगर चढण्याची सुरुवात मात्र गिरणीच्या मालकवर्गाकडून झाली. क्विंतिनो सेल्ला हे बिएल्लाजवळच्या लोकर उत्पादक घराण्यातले. खाणकामाचे अभियंते आणि खनिजशास्त्राचे अभ्यासक असलेले सेल्ला १८६२ मध्ये नव्या इटालियन राज्याचे अर्थमंत्री झाले. मोनविसोचे शिखर १८६१ मध्ये विल्यम मॅथ्यूज आणि फ्रेडरिक जेकम या इंग्रजांनी फ्रेंच वाटाड्यांसह प्रथम गाठले होते. ही गोष्ट सेल्लांना खटकली. १२ ऑगस्ट १८६३ रोजी ते तीन साथीदारांसह त्या शिखरावर पोहोचले. त्यांपैकी जोव्हान्नी बार्राको हे दक्षिणेकडच्या कालाब्रियाचे होते, आणि दोनच वर्षांपूर्वी एक झालेल्या देशात या गोष्टीला राजकीय अर्थ होता. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला तुरीनमधील व्हालेंतिनो किल्ल्यात क्लब आल्पिनो इतालियानो या संस्थेची स्थापना झाली. पुढच्याच उन्हाळ्यात आलेस्सांद्रा बोआरेल्ली या स्त्रीने मोनविसो सर केला.

क्लबचे सुरुवातीचे सभासद सरदार, प्राध्यापक, अभियंते, वकील आणि लष्करी अधिकारी होते. भूगर्भ, वनस्पती आणि हवामान यांचा अभ्यास हे त्यांच्या चढाईचे अधिकृत कारण असे, आणि वाटाड्या, हमाल व खेचर यांचा खर्च त्यांना झेपत असे. मोनविसोच्या पायथ्याशी आल्पेत्तो येथे १८६६ मध्ये क्लबचा पहिला निवारा बांधला गेला. पर्वतात मुक्काम करता यावा म्हणून बांधलेल्या अशा घरांना इटालियनमध्ये रिफ्युजो म्हणतात, आणि इथल्या डोंगरभटकंतीचा सारा डोलारा आजही त्यांच्यावर उभा आहे. त्यांतला सर्वात उंच निवारा मोंते रोझाच्या न्यीफेत्ती शिखरावर ४,५५४ मीटरवर १८९३ मध्ये उघडला गेला. राणी मार्गेरिता स्वतः तिथे चढून गेली आणि तिचेच नाव त्याला मिळाले. मिलानजवळच्या देझिओ गावात जन्मलेले, रेशीम कारखान्याच्या व्यवस्थापकाचे पुत्र आकिल्ले रात्ती हे धर्मगुरू आणि ग्रंथपाल १८८९ मध्ये मोंते रोझाच्या अवघड पूर्व भिंतीवरून ड्यूफूर शिखरावर गेले होते. १९२२ मध्ये तेच पायस अकरावे या नावाने पोप झाले. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकातला इटालियन गिर्यारोहक हा शिकलेला, सुस्थितीतला आणि वेळेचा धनी होता.

या वर्गातच एक माणूस असा होता, ज्याच्या कामात कारखाना आणि पर्वत एकत्र आले. तुरीनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो हे सुताराचे पुत्र. स्नायू थकतो म्हणजे नेमके काय होते, हे मोजण्यासाठी त्यांनी एर्गोग्राफ नावाचे उपकरण तयार केले: हाताचे एक बोट वजन पुन्हापुन्हा ओढते आणि त्याची हालचाल कागदावर आलेखाच्या रूपाने उमटते. १८९१ मध्ये त्यांचा थकव्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अतिश्रमाने थकलेला स्नायू विश्रांतीनंतरही फार सावकाश सावरतो, हा त्यातला निष्कर्ष खाणकामगार आणि बालमजूर यांच्या चर्चेत महत्त्वाचा ठरला. पुढे १८९४ मध्ये त्यांनी सैनिकांच्या एका तुकडीला मार्गेरिता निवाऱ्यात नेऊन विरळ हवेत श्वास आणि श्रम यांचे प्रयोग केले. कामाचा थकवा आणि चढाईचा थकवा एकाच तराजूत तोलणारा हा संशोधक पुढच्या घडामोडींच्या बराच पुढे होता.

कारण तोवर कामगाराच्या थकव्याला कायद्याच्या लेखी फारशी किंमत नव्हती. रेशीम आणि सूत गिरण्यांत बाराहून अधिक तासांचा दिवस ही सर्वसाधारण गोष्ट होती, आणि कामगारांत स्त्रिया व मुले यांचे प्रमाण मोठे होते. १९०२ च्या कायद्याने कारखान्यात कामाला घेण्याचे किमान वय बारा वर्षे केले आणि स्त्रियांच्या कामाचा दिवस बारा तासांवर आणला. ही सुधारणा होती, यावरून आधीची स्थिती समजते. ७ जुलै १९०७ च्या कायद्याने आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती बंधनकारक केली. रविवार आता केवळ चर्चच्या आज्ञेने पाळायचा दिवस राहिला नाही, त्याला सरकारी कायद्याचा आधार मिळाला. शनिवारी दुपारी काम थांबवण्याची इंग्लंडमधली पद्धत ‘सबातो इंग्लेझे’, म्हणजे इंग्रजी शनिवार, या नावाने ओळखली जाई. इटलीत ती काही धंद्यांपुरतीच आली होती. बाकीच्यांसाठी ती मागणीच होती.

मोकळा दिवस ही पहिली अट, दुसरी रस्त्याची. मिलान ते मोंझा हा इटलीतला दुसरा लोहमार्ग १८४० मध्ये सुरू झाला. १८६० च्या दशकात गाडी लेक्कोला पोहोचली, १८९४ मध्ये सरोवराच्या काठाने कोलिकोपर्यंत गेली. लेक्कोहून व्हाल्तेल्लिना खोऱ्यात जाणारा हा मार्ग १९०२ मध्ये विजेवर चालू लागला. उच्च दाबाची त्रिकला वीज मुख्य लोहमार्गावर वापरण्याचा जगातला हा पहिला प्रयोग होता आणि त्याची आखणी हंगेरीचे अभियंता कालमान कांदो यांनी केली होती. मिलान ते लेक्को हे पन्नासएक किलोमीटरचे अंतर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात परवडू लागले. लेक्कोच्या डोक्यावर एका बाजूला रेसेगोनेची करवतीसारखी दातेरी धार आहे आणि दुसऱ्या बाजूला ग्रिन्याची दोन शिखरे: थोरले २,४१० मीटरचे, धाकटे त्याहून बुटके पण सुळक्यांनी भरलेले. उंचीच्या हिशेबाने हे डोंगर आल्प्समध्ये किरकोळच. तरी इटालियन कामगारांचे गिर्यारोहण घडले ते याच डोंगरांवर, कारण रविवारी पहाटे निघून रात्री घरी परतता येईल असे ते होते. त्यापुढच्या शिखरांना दोन दिवस लागत, आणि दोन दिवस कोणाकडे नव्हते.

आल्पिनो क्लबची वर्गणी आणि तिथले वातावरण दोन्ही सामान्य माणसाला परके होते. म्हणून वेगळ्या संस्था निघाल्या. मिलानमध्ये १८९१ मध्ये सोचिएता एस्कुर्सिओनिस्ती मिलानेझी स्थापन झाली. तिचे सभासद प्रामुख्याने कारकून, दुकानदार आणि कारागीर होते. तुरीनमध्ये १९१३ मध्ये तरुण भटक्यांची उजेत ही संघटना आणि १९१४ मध्ये कॅथलिक तरुणांची जोव्हाने मोंतान्या निघाली. रविवारची प्रार्थना न चुकवता डोंगरावर कसे जायचे, हा या दुसऱ्या संस्थेपुढचा खरा प्रश्न होता. धर्मगुरूला सोबत नेणे हे त्याचे उत्तर.

पण कामगार हा शब्द नावातच घालणारी संस्था मोंझाची. टोप्या आणि कापड यांच्या कारखान्यांचे हे गाव मिलानच्या उत्तरेला आहे. इथल्या एत्तोरे बोस्की यांच्या पुढाकाराने १९११ च्या जून महिन्यात उनियोने ओपेराया एस्कुर्सिओनिस्ती इतालियानी, म्हणजे इटालियन कामगार भटक्यांचा संघ, जन्माला आला. ‘डोंगराच्या बाजूने, दारूच्या विरुद्ध’ असा या संघाचा बाणा होता. त्यामागे कामगार वस्तीतला रोजचा अनुभव होता. शनिवारी पगार हाती येई, रविवारचा मोकळा दिवस ओस्तेरियात, म्हणजे गुत्त्यात, जाई आणि सोमवारी कामावर खाडे पडत. डोंगरावर नेणे हा व्यसनमुक्तीचा आणि आरोग्याचा कार्यक्रम होता. वर्गणी कमी ठेवायची, रेल्वेकडून सामुदायिक तिकिटांवर सवलत मिळवायची, वाटाड्याऐवजी अनुभवी सभासदाने पुढे व्हायचे, निवाऱ्यात खाट न मिळाली तर गवताच्या माळ्यावर झोपायचे, असा एकूण प्रकार. बायका-मुलांनाही बरोबर आणावे, असा संघाचा आग्रह असे. तळाला खिळे ठोकलेले बूट, पाठीवर पिशवी, पिशवीत पाव, चीज आणि मक्याच्या पिठाचा थंड पोलेंता एवढी सामग्री पुरे होई.

समाजवादी पुढाऱ्यांना हे सगळे सुरुवातीला पटले नव्हते. खेळ आणि सहली म्हणजे तरुण कामगारांचे लक्ष संघर्षावरून उडवणारे मालकवर्गाचे खूळ, असे त्यांच्यातल्या अनेकांचे मत होते. हे मत फार टिकले नाही, कारण कार्यकर्तेच रविवारी डोंगरावर जात होते.

पहिल्या महायुद्धाने डोंगराचा अर्थ बदलला. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या आल्पिनी या पर्वतीय सैन्यदलात डोंगराळ खोऱ्यांतले शेतकरी आणि कामगार भरती होत. १९१५ ते १९१८ या काळात ते डोलोमाइट आणि आदामेल्लोच्या बर्फात ऑस्ट्रियाच्या सैन्याशी लढले. तोफा वर चढवण्यासाठी खेचरवाटा खणल्या गेल्या, कड्यांवर लोखंडी शिड्या आणि दोर ठोकले गेले. पासुबिओ पर्वतावर १९१७ मध्ये सुरुंग लावणाऱ्या तुकड्यांनी काही महिन्यांत साडेसहा किलोमीटर लांबीची, ५२ बोगद्यांतून जाणारी वाट खोदली. आज हजारो पदयात्री सुटीच्या दिवशी या वाटेने जातात. आता लोकप्रिय असलेल्या अनेक डोंगरवाटा मुळात मौजेसाठी बांधलेल्या नाहीत, एवढे त्यांच्यावरून चालताना लक्षात ठेवायला हरकत नाही.

युद्ध संपले आणि कामाच्या तासांचा प्रश्न एकदम सुटला. २० फेब्रुवारी १९१९ रोजी धातुकामगारांची संघटना आणि कारखानदार यांच्यात आठ तासांच्या दिवसाचा करार झाला; पगार न घटता आठवडा ४८ तासांचा झाला. पाळी संध्याकाळी लवकर सुटू लागली, शनिवारी रात्रीची गाडी पकडता येऊ लागली. रात्रभर चालून सूर्योदयाला शिखरावर पोहोचण्याची प्रथा याच काळात रुजली. मोंझाहून संध्याकाळी निघून रात्रीतून रेसेगोनेवरच्या निवाऱ्यापर्यंत सुमारे ४२ किलोमीटर चालत-धावत जाण्याची, तिघातिघांच्या चमूंची शर्यत १९२४ मध्ये सुरू झाली. ती आजही होते. याच सुमारास लोम्बार्दीत आपे ही श्रमिक भटक्यांची संघटना वाढली. तिचा सूर उघडपणे डावा होता. सहलीबरोबर व्याख्याने, वाचनालय आणि दारूविरोधी प्रचार चालत असे. १९१९-२० ही कारखाने ताब्यात घेण्याची, संपांची वर्षे होती आणि आपे त्याच लाटेवर उभी होती.

लाट ओसरताच संघटनाही संपली. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आला आणि १९२६ पर्यंत स्वतंत्र कामगार संघटनांना जागा उरली नाही. आपेवर बंदी आली. कामगाराचा मोकळा वेळ मात्र राजवटीला मोकळा सोडायचा नव्हता. १ मे १९२५ रोजी, म्हणजे कामगार दिनाची तारीख साधून, ओपेरा नात्सिओनाले दोपोलावोरो ही कामानंतरच्या वेळेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. खेळ, नाटक, बँड, सहली सगळे तिच्या छत्राखाली आले आणि १९३० च्या दशकाअखेर तिचे सभासद तीस लाखांवर गेले. १९३१ च्या उन्हाळ्यापासून ‘ट्रेनी पोपोलारी’ धावू लागल्या: रविवारच्या, तिसऱ्या वर्गाच्या, निम्म्याहून अधिक सवलतीच्या लोकगाड्या. समुद्र, तीर्थक्षेत्रे आणि डोंगर इथे लाखो माणसे आयुष्यात पहिल्यांदा गेली. २० जून १९३५ च्या हुकुमाने शनिवारी दुपारी एक वाजता काम थांबवणे ठरले; इंग्रजी शनिवाराचे नाव पुसून त्याला फॅसिस्ट शनिवार म्हटले गेले. ती दुपार कवायत, लष्करी शिक्षण आणि मेळावे यांसाठी होती. कामगारांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागितलेला अर्धा दिवस हुकूमशाहीने दिला आणि त्याच हाताने काढूनही घेतला, हा या काळाचा हिशेब.

आल्पिनो क्लबचीही सुटका झाली नाही. त्याचे मुख्यालय १९२९ मध्ये तुरीनहून रोमला हलवले गेले आणि अध्यक्ष राजवटीने नेमले. १९३८ मध्ये क्लब हा परकीय शब्द नावातून काढला गेला. वंशभेदी कायद्यांनंतर ज्यू सभासदांना बाहेर काढण्यात आले. ज्या संस्थेच्या उभारणीत तुरीनच्या ज्यू कुटुंबांचाही वाटा होता, तिच्या इतिहासातले हे सर्वात लाजिरवाणे पान.

नेमक्या याच दशकात लेक्कोतून एक वेगळाच गिर्यारोहक पुढे आला. रिकार्दो कास्सिन यांचा जन्म १९०९ मध्ये फ्रिउलीतल्या शेतकरी कुटुंबात झाला. वडील मजुरीसाठी कॅनडाला गेले आणि तिथेच वारले. रिकार्दोने बाराव्या वर्षी शाळा सोडून लोहाराच्या भट्टीवर काम धरले, सतराव्या वर्षी कामाच्या शोधात लेक्को गाठले. सुरुवातीला त्याला मुष्टियुद्धाचा नाद होता. मग मित्रांबरोबर तो रविवारी धाकट्या ग्रिन्याच्या सुळक्यांवर जाऊ लागला. दोर मोजके होते, ते आळीपाळीने वापरायचे. कड्याच्या भेगेत ठोकायच्या लोखंडी खुंट्या ही मुले स्वतः घडवीत. धंद्याने लोहार असल्याचा इथे प्रत्यक्ष फायदा होता: कोणत्या भेगेला किती जाड पाते लागेल, लोखंड कुठे वाकेल आणि कुठे तुटेल, याचे ज्ञान हातात होते. १९३३ मध्ये त्रिएस्तेचा नामवंत आरोहक एमिलिओ कोमिची ग्रिन्याला आला आणि डोलोमाइटमधली दोरकामाची नवी तंत्रे या मुलांना शिकवून गेला.

त्यानंतरची पाच वर्षे थक्क करणारी आहेत. १९३५ मध्ये कास्सिन आणि व्हित्तोरिओ रात्ती यांनी लाव्हारेदोच्या चिमा ओव्हेस्त या सुळक्याची उत्तर भिंत चढली, जिच्यावर अनेक नामांकित चमू हरले होते. जुलै १९३७ मध्ये पित्स बादिलेची ईशान्य भिंत सर झाली. त्या चढाईत वाटेत त्यांना येऊन मिळालेले कोमोचे दोन तरुण उतरताना वादळात आणि थकव्याने मृत्यू पावले. ऑगस्ट १९३८ मध्ये कास्सिन, एस्पोझितो आणि तित्सोनी मों ब्लां समूहात ग्रांद जोरासच्या वॉकर सोंडेखाली जाऊन उभे राहिले. तो भाग त्यांनी आधी कधी पाहिलाही नव्हता. तीन दिवसांत सोंड चढून झाली. राजवटीने या यशाचा डांगोरा पिटला, कारण जर्मनांशी स्पर्धा होती. पण वर्षभर शेकडो दिवस आल्प्समध्ये राहणाऱ्या श्रीमंत हौशींना जे जमले नाही, ते रविवारच्या सरावावर तयार झालेल्या लोहाराला आणि त्याच्या मित्रांना जमले, हे त्यातले खरे महत्त्व. १९४५ च्या एप्रिलमध्ये लेक्को मुक्त करण्याच्या लढाईत हेच आरोहक बंदूक घेऊन रस्त्यावर होते. २६ एप्रिलला रात्ती तिथेच ठार झाला. कास्सिन वाचले, पुढे गिर्यारोहणाच्या साहित्याचा कारखाना काढला आणि २००९ मध्ये शंभरीत वारले.

१९४३ ते १९४५ या जर्मन ताब्याच्या काळात डोंगरवाटांचे ज्ञान जीव वाचवणारे ठरले. त्याआधीच, मार्च १९४३ मध्ये, तुरीनच्या कारखान्यांतून संपांची लाट उठली होती. सप्टेंबरात जर्मन ताबा आल्यावर कामगार, सुटलेले सैनिक आणि विद्यार्थी वरच्या खोऱ्यांत जाऊन प्रतिकार दलांत सामील झाले. युद्धकैदी आणि ज्यू कुटुंबे स्वित्झर्लंडच्या खिंडीतून पार नेली गेली. तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेव्ही हे हौशी गिर्यारोहक होते. डिसेंबर १९४३ मध्ये आओस्ता खोऱ्यातल्या डोंगरवस्तीत ते पकडले गेले आणि पुढे आउशविट्झला पाठवले गेले. त्यांचा चढाईचा गुरू असलेला मित्र सान्द्रो देल्मास्त्रो १९४४ मध्ये मारला गेला. लेव्हींनी त्याचे चित्र १९७५ च्या आपल्या पुस्तकात, लोखंड या मूलद्रव्याच्या नावाच्या प्रकरणात, रेखाटले आहे.

युद्धानंतरच्या पिढीचा चेहरा व्हाल्तेर बोनात्ती. १९३० मध्ये बेर्गामोत जन्मलेला, मोंझात वाढलेला हा तरुण सेस्तो सान जोव्हान्नीच्या फाल्क पोलाद कारखान्यात कामाला होता. पाळी संपवून तो ग्रिन्याची वाट धरी. १९५४ च्या इटालियन के-२ मोहिमेत तो सर्वात तरुण सभासद होता. शिखरावर ३१ जुलैला कोम्पान्योनी आणि लाचेदेल्ली पोहोचले. त्यांच्यासाठी प्राणवायूची नळकांडी वर नेणारे बोनात्ती आणि हुंझाचे आमीर मेहदी यांना आदली रात्र आठ हजार मीटरवर उघड्यावर काढावी लागली. त्या रात्रीची हकीकत आल्पिनो क्लबने अधिकृतपणे दुरुस्त करायला पन्नास वर्षे घेतली. लेक्कोमध्ये १९४६ पासून ‘रान्यी’, म्हणजे कोळी, या नावाचा आरोहकांचा गट लाल स्वेटर घालून वावरत होता. त्यातले बहुतेक कामगार किंवा कारागीर होते. १९५४ मध्येच राष्ट्रीय पर्वतीय बचाव दल स्थापन झाले. डोंगरावर माणसे किती वाढली होती, हे त्यावरून कळावे.

त्या वाढीमागे चाके होती. व्हेस्पा १९४६ ची, मिलानच्या लाम्ब्राते भागात बनणारी लाम्ब्रेत्ता १९४७ ची, फियाट ६०० १९५५ ची आणि छोटी फियाट ५०० १९५७ ची. मिलानहून सरोवरांकडे जाणारा पथकराचा मोटारमार्ग १९२४ मध्येच खुला झाला होता, पण तेव्हा तो मोटारी बाळगणाऱ्या थोड्यांसाठी होता. आता कुटुंबच्या कुटुंब रविवारी खोऱ्याच्या टोकापर्यंत गाडीने जाऊ लागले, आणि बरेचसे तिथेच थांबून जेवून परतू लागले. इव्रेआच्या ओलिव्हेत्ती कारखान्याने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पगार न कापता शनिवार मोकळा केला. बाकीच्यांना तो १९६९ च्या ‘तप्त शरदा’तील संपांनंतर मिळाला: त्या डिसेंबरात धातुकामगारांच्या करारात ४० तासांचा आठवडा मान्य झाला आणि पुढच्या तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाला. दोन दिवसांची सुटी हे वास्तव तिथून सुरू होते. शनिवारी चढून निवाऱ्यात मुक्काम, रविवारी शिखर आणि उतरण, हा क्रम आता एकट्यादुकट्याचा राहिला नाही.

तरी सगळ्या कामगारांचा डोंगर एक नव्हता. १९५० ते १९७० च्या दरम्यान तुरीन आणि मिलानच्या कारखान्यांत दक्षिणेतून लाखो माणसे आली. ऑगस्टमध्ये कारखाने एकदम बंद होत, तेव्हा ती पुल्या, कालाब्रिया आणि सिसिलीच्या गाड्यांत कोंबून घरी जात. आल्प्स त्यांच्यासाठी खिडकीतले दृश्य होते. त्याच वेळी डोंगरातली माणसे खाली येत होती. शनिवारी शहरातून भटके वर जात आणि सोमवारी खोऱ्यातले तरुण पाळीच्या बसने कारखान्यात उतरत. कुनेओच्या खोऱ्यांतली गावे मिशेलिनच्या टायर कारखान्याने आणि शहराच्या ओढीने ओस पाडली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे बोल नुतो रेव्हेल्ली यांनी ध्वनिमुद्रित करून १९७७ मध्ये पराभूतांच्या जगावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. भटक्यांच्या आठवणींत या माणसांना फार तर दूध-चीज विकणाऱ्याची जागा आहे. उत्तर इटलीच्या डोंगरप्रेमावर लिहिताना रेव्हेल्लींचे पुस्तक वगळले की चित्र अर्धेच राहते.

डोंगर आणि कामगार चळवळ यांच्यातला ताण एका माणसाच्या आयुष्यात उघडा पडला. ग्विदो रोस्सा १९३४ मध्ये बेल्लुनोजवळ जन्मले, तुरीनमध्ये वाढले, फियाटमध्ये कामाला लागले आणि तुरीनच्या सर्वात धाडसी आरोहकांत गणले गेले. १९६३ मध्ये ते नेपाळच्या मोहिमेवरही गेले. नंतर जेनोव्हाच्या इताल्सिदेर पोलाद कारखान्यात ते कामगार प्रतिनिधी झाले. १९७० मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले होते की, कड्यांवरचा पराक्रम ही एक पळवाट आहे आणि आता खाली माणसांत उतरून काम केले पाहिजे. कारखान्यात रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या सशस्त्र गटाची पत्रके वाटणाऱ्याविरुद्ध त्यांनी साक्ष दिली. २४ जानेवारी १९७९ रोजी पहाटे कामावर जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. अंत्ययात्रेला राष्ट्राध्यक्ष सान्द्रो पेर्तिनी आले होते आणि शहर लोटले होते.

१९८० नंतर मोठे कारखाने एकेक करून मिटले. फियाटचा लिंगोत्तो १९८२ मध्ये बंद झाला, सेस्तोच्या फाल्क भट्ट्या १९९० च्या दशकाच्या मध्यात विझल्या. डोंगरावरची गर्दी मात्र घटली नाही. आल्पिनो क्लबची सभासदसंख्या तीन लाखांवर गेली आहे आणि त्यात सर्व थरांतले लोक आहेत. लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटांचे जाळे स्वयंसेवक सांभाळतात, देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा सात हजार किलोमीटरहून लांब सेंतिएरो इतालिया आखला गेला आहे, आणि २००९ पासून डोलोमाइट जागतिक वारशात आहेत. मोंझाच्या कामगार संघाच्या शाखा अजून सहली काढतात. आपे हे नाव एकविसाव्या शतकात मिलान आणि इतर शहरांतल्या तरुणांनी पुन्हा उचलले आहे.

बदलला आहे तो सुटीचा दिवस. डिसेंबर २०११ च्या हुकुमाने दुकानांच्या वेळांवरची बंधने उठली आणि रविवारी उघडी राहणारी मॉल व सुपरमार्केट ही नेहमीची गोष्ट झाली. गोदामे, घरपोच सेवा, हॉटेले, रुग्णालये यांच्या पाळ्या आठवड्याचे सातही दिवस चालतात, आणि डोंगरातल्या निवाऱ्यात सूप वाढणाऱ्यांचा सर्वात कष्टाचा दिवस तर शनिवार-रविवारच असतो. १९४८ च्या इटालियन संविधानाच्या छत्तिसाव्या कलमाने साप्ताहिक विश्रांती आणि पगारी रजा यांचा हक्क दिला आहे. तो कामगाराला स्वतःच्या मर्जीनेही सोडून देता येत नाही. विश्रांतीचा तो दिवस रविवारच असावा, असे त्या कलमात लिहिलेले नाही.